आरोग्यविचार : गारवा, गुंगी आणि दुखावलेला मेंदू

आपल्या भाषेत रागावलेल्या माणसाचे डोके तापते आणि शहाणा माणूस डोके थंड ठेवतो. घरात कोणास जोराचा ताप भरला की कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवण्याची आपली जुनीच रीत आहे. डोके आणि थंडावा यांचे हे नाते आपल्या मनात इतके मुरले आहे की, मेंदूस जबर मार लागलेल्या रुग्णास डॉक्टर गार करून आणि झोपवून ठेवतात असे कानी आले, तर त्याचे आपणांस फारसे नवल वाटत नाही. २०१३ च्या डिसेंबरअखेर मोटार-शर्यतींचे जगज्जेते मायकेल शूमाकर फ्रान्समधील बर्फाळ डोंगरउतारावर पडले व त्यांच्या डोक्यास गंभीर इजा झाली. ग्रनोबल येथील डॉक्टरांनी त्यांना औषधांच्या गुंगीत ठेवल्याचे आणि त्यांच्या देहाचे तापमान ३४ ते ३५ अंश सेल्सियसपर्यंत उतरविल्याचे जाहीर केले. ती बातमी जगभर वाचली गेली, आणि गारठवून ठेवले म्हणजे मेंदू वाचतो असा सोपा अर्थ पुष्कळांनी तिच्यातून काढला.

परंतु एका रुग्णाच्या हकिकतीवरून उपचाराची पारख होत नाही. या उपचारामागील विचार सुंदर आहे, त्याचा इतिहास ऐंशीहून अधिक वर्षांचा आहे. आणि कसोटीच्या वेळी त्याने दिलेले उत्तर मात्र अपेक्षेहून निराळे आहे. आपल्यापैकी कोणावर अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसण्याचा प्रसंग न येवो. पण आलाच, तर आत नेमके काय चालले आहे हे ठाऊक असणे हा मोठा आधार असतो. म्हणून या खेपेस हा विषय जरा विस्ताराने मांडावयाचा आहे.

बंद पेटीतील अवयव

मनुष्याच्या मेंदूचे वजन साधारण १,४०० ग्रॅम, म्हणजे देहाच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. पण शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटा अवयव खर्ची घालतो. त्यातही त्याच्याजवळ शिल्लक अशी जवळजवळ नसतेच. इतर अवयव थोडा वेळ उपवास सोसू शकतात. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला तर काही सेकंदांतच शुद्ध हरपते आणि काही मिनिटांतच त्याच्या पेशी मरू लागतात.

हा नाजूक अवयव कवटीच्या कठीण पेटीत बंद आहे. त्या पेटीत सुमारे ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के पाण्यासारखा द्रव असतो. पेटी ताणली जात नाही. म्हणून यांपैकी एकाचे आकारमान वाढले तर दुसऱ्यास जागा सोडावी लागते. एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेले हे तत्त्व आजही मेंदूच्या उपचारांचा पाया आहे.

आता अपघाताचा विचार करा. डोके रस्त्यावर आपटले त्या क्षणी ज्या पेशी चिरडल्या गेल्या किंवा ज्यांचे तंतू तुटले, त्यांची इजा ही पहिली इजा होय. ती पूर्ववत करणारे औषध जगात कोठेही नाही. पण गोष्ट तेथे संपत नाही. त्यानंतरच्या तासांत व दिवसांत मेंदूस सूज येते, कोठे रक्त साकळते, आणि कवटीत दाब वाढू लागतो. दाब वाढला की आत रक्त शिरणे कठीण होते. रक्त कमी पडले की आणखी पेशी मरतात. त्या मेल्या की सूज आणखी वाढते. ही दुसरी इजा. अतिदक्षता विभागातील सारी झुंज या दुसऱ्या इजेशी असते. वाचकहो, एवढे एकच वाक्य लक्षात ठेवले तरी पुढील सर्व विवेचन सोपे होईल: तेथील उपचार मेलेला भाग जिवंत करण्यासाठी नसतात, जिवंत राहिलेला भाग राखण्यासाठी असतात.

इजा किती गंभीर आहे हे सांगण्यासाठी डॉक्टर बहुधा एक आकडा सांगतात. ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ही मोजणी सुरू केली. रुग्ण डोळे केव्हा उघडतो, काय बोलतो आणि हातपाय कसे हलवितो, या तीन गोष्टी पाहून गुण देतात. पूर्ण शुद्धीवरील माणसास १५ आणि काहीच प्रतिसाद न देणाऱ्यास ३ गुण मिळतात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे मेंदूस गंभीर इजा असे समजतात.

गारव्याची कल्पना

पेशीचे कार्य म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलनच होय. तापमान उतरले की ते ज्वलन मंदावते. मेंदूचे तापमान एका अंशाने उतरले असता त्याची प्राणवायूची गरज सुमारे सहासात टक्क्यांनी घटते, असे १९५० च्या दशकात ह्यूबर्ट रोझोमॉफ यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले. ज्याचे उत्पन्न घटले आहे त्याने खर्च कमी करावा हा तर संसारातील साधा नियम. मग रक्तपुरवठा आटलेल्या मेंदूचा खर्चच कमी केला तर?

हा विचार प्रत्यक्षात आणण्याचे धाडस अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे शल्यविशारद टेंपल फे यांनी केले. १९३८ पासून ते कर्करोगाच्या असह्य वेदना असलेल्या रुग्णांना बर्फाने गार करू लागले आणि पुढे डोक्यास मार लागलेल्या रुग्णांवरही त्यांनी हा उपाय योजला. दुर्दैवाने याच सुमारास जर्मनीतील डाखाऊच्या छळछावणीत नाझी डॉक्टरांनी असहाय कैद्यांना गोठविणाऱ्या पाण्यात बुडवून अमानुष प्रयोग केले. युद्धानंतर ते उघडकीस आले आणि गारव्याच्या संशोधनावरच काळी छाया पडली.

ती छाया हृदयाच्या शस्त्रक्रियेने दूर केली. कॅनडातील टोरोंटोचे विल्फ्रेड बिगलो यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले की, प्राण्याचे शरीर आधी गार केले तर त्याचे रक्ताभिसरण काही मिनिटे थांबविले तरी मेंदू तग धरतो. १९५२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी याच रीतीने एका मुलीच्या हृदयातील छिद्र उघड्या डोळ्यांनी पाहून शिवले. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या प्रवाहात सव्वा तासाहून अधिक काळ अडकलेल्या एका तरुणीचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते, तरी ती वाचली आणि पुढे आपल्या कामावरही रुजू झाली.

या दोन्ही उदाहरणांत एक बारीक गोष्ट दडलेली आहे. दोन्ही वेळा गारवा आधी आला आणि रक्तपुरवठा नंतर थांबला. अपघातात मात्र हा क्रम उलटा असतो. घाव आधी बसतो. रुग्ण रस्त्यावरून रुग्णालयात पोहोचतो, त्याची चित्रे काढली जातात, आणि तासाभराने किंवा तीनचार तासांनी गारवा येतो. आग लागण्यापूर्वी गवत भिजविणे वेगळे आणि गंजी पेटल्यावर पाणी शोधणे वेगळे. पुढे जी निराशा पदरी आली, तिचे एक कारण येथे असावे.

चिठ्ठीचा कौल

१९९७ मध्ये पिट्सबर्ग येथील डोनाल्ड मॅरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा आशा उंचावल्या. काही रुग्णांस गारव्याने लवकर सुधारणा झाल्याचे त्यांत दिसले. परंतु ८२ हा आकडा लहान आहे. खरी पारख करावयाची तर शेकडो रुग्ण हवेत, आणि कोणास गार करावयाचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकावी तसे ठरवावयास हवे. तसे केले नाही तर बरे होण्याची आशा असलेलेच रुग्ण नकळत नव्या उपचारासाठी निवडले जातात, आणि निसर्गाचे श्रेय उपचारास मिळते.

तशी पारख झाली. २००१ मध्ये गाय क्लिफ्टन यांनी ३९२ रुग्णांचा निकाल जाहीर केला. निम्म्यांना ३३ अंशांवर, म्हणजे आपल्या घरगुती भाषेत सुमारे ९१ डिग्रीवर, ४८ तास ठेवले होते. मृत्यूचे प्रमाण गार केलेल्यांत २८ टक्के आणि न केलेल्यांत २७ टक्के निघाले. २०१५ मध्ये युरोपातील एका मोठ्या चाचणीत ३८७ रुग्ण होते. कवटीतील दाब वाढू लागताच निम्म्यांना ३२ ते ३५ अंशांपर्यंत गार केले. दाब उतरला खरा; पण सहा महिन्यांनी पाहता चांगली सुधारणा झालेले रुग्ण गारव्याच्या गटात शंभरात सुमारे २६ आणि दुसऱ्या गटात सुमारे ३७ होते. अपाय होतो असे दिसताच ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. मग कोणी म्हणाले, गारवा उशिरा मिळतो म्हणून असे होते. त्यासाठी सहा देशांतील ५११ रुग्णांवर चाचणी झाली व शक्य तेथे रुग्णवाहिकेतच गारव्यास आरंभ केला. २०१८ चा तो निकाल पाहा: चांगली सुधारणा गार केलेल्यांत ४८.८ टक्के, इतरांत ४९.१ टक्के.

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांची कथाही अशीच वळणावळणाची आहे. २००२ मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातील दोन चाचण्यांनी गारव्याच्या बाजूने कौल दिला आणि जगभर ती प्रथा पडली. पुढे २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांत काही फरक आढळला नाही. आणि २०२१ च्या १,९०० रुग्णांच्या चाचणीत ३३ अंशांपर्यंत गारठविणे आणि केवळ ताप चढू न देणे यांचे फळ सारखेच निघाले. गार केलेल्यांत हृदयाची लय बिघडण्याचे प्रसंग मात्र अधिक होते.

आपल्या देशास जवळचा असा एक धडा तान्ह्या बाळांचा आहे. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडून मेंदूस इजा झालेल्या बाळास सहा तासांच्या आत गार करून ७२ तास ३३.५ अंशांच्या आसपास ठेवले तर लाभ होतो, हे श्रीमंत देशांत २००५ पासूनच्या चाचण्यांनी सिद्ध केले आणि तेथे तो नित्याचा उपचार झाला. म्हणून भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर त्याची पारख झाली. त्यांत मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयही होते. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा गार केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के आणि न केलेल्यांपैकी ३१ टक्के दगावल्याचे आढळले. आपल्याकडील बाळांच्या मेंदूची इजा प्रसूतीच्या पुष्कळ आधी सुरू झालेली असावी, असे एक संभाव्य कारण तज्ज्ञांनी मांडले आहे. कारण कोणतेही असो. परदेशात पटलेला उपचार आपल्या मातीत पुन्हा पारखून घ्यावा लागतो, हे यातून शिकण्याजोगे आहे.

देह गारव्यास विरोध करतो

गारव्याने मेंदूचा खर्च कमी होतो हे खरे असता फळ का मिळू नये? कारण गारवा केवळ मेंदूस लागत नाही, साऱ्या देहास लागतो. गार झालेल्या देहात रक्त नीट गोठत नाही, म्हणून रक्तस्रावाचे भय वाढते. जंतूंशी लढण्याची शक्ती मंदावते आणि फुप्फुसे बिघडतात. रक्तातील पोटॅशियम उतरते आणि पुन्हा ऊब देताना वर चढते. त्यामुळे हृदयाची लय बिघडू शकते. घाईने ऊब दिली तर कवटीतील दाब उसळी घेतो. म्हणून पुन्हा उबदार करण्याचे काम तासास पाव अंश किंवा त्याहूनही मंद गतीने करावे लागते.

शिवाय देह आपली ऊब सहजासहजी सोडत नाही. तो कुडकुडू लागतो. आणि कुडकुडणे म्हणजे साऱ्या स्नायूंनी एकाच वेळी धावणे. त्यात प्राणवायूचा खर्च कितीतरी वाढतो. बचत करावयास निघावे आणि उधळपट्टी व्हावी, तसा हा प्रकार. म्हणूनच गारव्याबरोबर गुंगी आलीच. फ्रान्समधील आंरी लाबोरी यांनी १९५० च्या दशकारंभी हे ओळखले होते. देहाचा विरोध औषधांनी आधी शमवावा आणि मगच त्यास गार करावे, अशी त्यांची रीत होती. हिवाळाभर निजणाऱ्या प्राण्यांवरून तिला कृत्रिम शीतनिद्रा असे नाव पडले.

आज स्थिती अशी आहे. मेंदूस मार लागलेल्या प्रत्येकास सरसकट गार करू नये, असे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. २०१९ मध्ये सिएटल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी इतर उपाय थकल्यावर वापरावयाच्या शेवटच्या पायरीवर गारव्यास स्थान दिले, आणि तेही ३५ ते ३६ अंशांच्या सौम्य गारव्यास. ताप चढू न देण्याकडे मात्र सर्वत्र लक्ष पुरविले जाते, कारण एक अंश ताप म्हणजे उपाशी मेंदूवर आणखी एक ओझे. त्याबाबतही अतिशयोक्ती नको. पक्षाघात व मेंदूतील रक्तस्राव झालेल्या रुग्णांवरील २०२४ च्या एका चाचणीत यंत्राने ताप कमी करता आला, पण त्यामुळे रुग्णांची अंतिम सुधारणा अधिक झाली असे दिसले नाही.

गुंगी म्हणजे झोप नव्हे

आता गुंगीकडे वळू. रुग्णास झोपवून ठेवले आहे असे डॉक्टर सांगतात, तेव्हा नातेवाइकांच्या मनात रात्रीच्या शांत झोपेचे चित्र उभे राहते. ही झोप तशी नसते. निजलेल्या माणसास हाक मारून उठविता येते. येथे औषधांनी मेंदूचे काम मुद्दाम मंद केलेले असते. घशात श्वासनळीपर्यंत नळी असते आणि व्हेंटिलेटर श्वास देत असतो. ती नळी सोसावी, खोकल्याने किंवा धडपडीने कवटीतील दाब वाढू नये, वेदना होऊ नयेत आणि झटके येऊ नयेत, यासाठी गुंगी आवश्यक असते. दुधासारखे पांढरे दिसणारे औषध बहुधा प्रोपोफॉल असते. त्याशिवाय मिडाझोलाम आणि वेदना शमविणारे फेंटॅनिल ही नावेही आपल्या कानी येतील.

याहून खोल गुंगी बार्बिट्युरेट जातीच्या औषधांची. थायोपेंटोन त्यांपैकीच होय. या औषधांनी मेंदूच्या विद्युत्-लहरी इतक्या शमतात की, यंत्राच्या पट्टीवर मधूनमधून एखादी उसळी आणि मध्ये सपाट रेघ असे चित्र दिसते. काम थांबले की मागणी थांबते, मागणी थांबली की रक्त कमी लागते आणि दाब उतरतो. १९८८ मध्ये हॉवर्ड आयझेनबर्ग यांनी ७३ रुग्णांवरील चाचणीत दाखविले की, दुसऱ्या कशानेही न उतरणारा दाब या मार्गाने उतरू शकतो. परंतु हीच औषधे रक्तदाबही खाली आणतात, आणि रक्तदाब घसरला की मेंदू उपाशी राहतो. म्हणून दाब वाढण्यापूर्वीच सर्वांस ही गुंगी द्यावी हा विचार मागे पडला, आणि हृदय व रक्तदाब सांभाळता येत असेल तरच शेवटचा उपाय म्हणून ती द्यावी असे ठरले.

गुंगीचा आणखी एक दोष असा की ती झाकते. रुग्णाची शुद्ध कशी आहे हे पाहण्यासाठी त्याला हाक मारावी लागते. पण औषधाने तोच प्रतिसाद दाबून टाकलेला असतो. शक्य असेल तेव्हा डॉक्टर औषध थोडे उतरवून रुग्णास तपासतात. औषध बंद केल्यावरही रुग्ण लगेच जागा होईल असे नाही. थायोपेंटोन देहातील चरबीत साठते आणि तेथून हळूहळू निघते. त्यास काही दिवस लागू शकतात. जागा होताना रुग्ण बडबडेल, नळ्या ओढील, ओळख विसरेल. हे वेडाचे लक्षण नव्हे. मेंदू धुक्यातून वाट काढीत असतो.

याच संदर्भात एक गंभीर गोष्ट सांगावयास हवी. खोल गुंगी आणि खोल गारवा ही दोन्ही मृत्यूची हुबेहूब नक्कल करू शकतात. आपल्या देशात मेंदूमृत्यूची व्याख्या १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्याने केली आहे. तो निश्चित करावयाचा तर चार डॉक्टरांच्या मंडळाने तपासणी करावी लागते, आणि किमान सहा तासांच्या अंतराने ती दोनदा करावी लागते. त्यापूर्वी देह पुरेसा उबदार आहे आणि गुंगीच्या औषधांचा अंमल उतरला आहे याची खात्री करून घेणे हा या तपासणीचा पायाच आहे. औषधाचा अंमल उतरला आहे ना, हा प्रश्न नातेवाइकांनी निःसंकोच विचारावा. तो डॉक्टरांवरील अविश्वास नव्हे. उत्तम डॉक्टर स्वतःस तोच प्रश्न प्रथम विचारतात.

दाराबाहेर बसलेल्यांसाठी

संकटाच्या वेळी सुचत नाही, म्हणून विचारावयाचे प्रश्न येथे नोंदवितो. दाखल होताना शुद्धीचा आकडा किती होता आणि आज किती आहे? शस्त्रक्रियेने काढता येईल असे रक्त साकळले आहे काय? कवटीतील दाब मोजला जात आहे काय, आणि तो आटोक्यात आहे काय? गुंगी कशासाठी दिली आहे, आणि ती उतरवून केव्हा पाहणार? ताप आहे काय, आणि असल्यास त्याचे कारण काय? दिवसातून एकदा, घरातील एकाच जबाबदार व्यक्तीने हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत टिपावीत. दहा नातेवाइकांनी दहा वेळा विचारले तर उत्तरांचा गोंधळ होतो आणि आपापसांत कलहही माजतो.

अमुक परदेशात बर्फात ठेवून बरा झाला, तुम्हीही तसे करा, असा आग्रह धरू नये. तसे न करणारा डॉक्टर मागासलेला आहे असे समजू नये; बहुधा तो वाचणारा आहे. एकेकाळी मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडची औषधे सर्रास देत. २००४ मध्ये १०,००८ रुग्णांच्या चाचणीतून ती देण्याने मृत्यू वाढतात असे सिद्ध झाले, आणि ती प्रथा बंद पडली. न केलेल्या उपचारानेही माणसे वाचतात, ही वैद्यकाने फार मोठी किंमत मोजून मिळविलेली शिकवण आहे.

घरच्यांना करता येण्याजोगे काम मात्र अपघाताच्या जागीच असते. डोक्यास मार लागून शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते फुप्फुसात जाते. तो तळमळत असला तरी झोपेची गोळी देऊ नये. अंगावर बर्फ किंवा गार पाणी ओतण्यात वेळ दवडू नये. मान न वळविता श्वासाची वाट मोकळी ठेवावी, वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्राणवायूचा अभाव आणि घसरलेला रक्तदाब हे दुखावलेल्या मेंदूचे सर्वांत मोठे वैरी आहेत, आणि त्यांना आवर घालण्यास पहिलाच तास सर्वांत मोलाचा असतो. मार लागल्यावर माणूस उठून बसला, बोलला, तरी निश्चिंत होऊ नये. पुढे वारंवार उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, सुस्ती आली किंवा एक हात लुळा वाटू लागला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास पोलिसांच्या व कज्जांच्या ससेमिऱ्यापासून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच संरक्षण मिळाले आहे. तेव्हा त्या भीतीने पाऊल मागे घेऊ नये.

आणि त्याही आधीचे काम आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होती. हेल्मेटने दुचाकीस्वाराच्या डोक्यास मार लागण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र पाहून काढलेले अनुमान आहे. पहिल्या इजेवर औषध नाही असे आरंभी म्हटले. तिच्यावर उपाय आहे तो एवढाच. मुलगा दुचाकी घेऊन बाहेर निघाला की, डब्याची आणि छत्रीची आठवण आपण करून देतोच. त्याच वेळी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधला आहे की नाही, हेही दारात उभे राहून पाहावे. मागे बसणाऱ्या सुनेच्या, मुलीच्या आणि नातवाच्या डोक्याचाही तसाच विचार करावा.